पगच्या शेजारी बसून

बसा.

खुर्ची नको. खालीच बसा, फरशीवर, त्याच्या शेजारी.

दुपार आहे. वैशाख लागला आहे. वारा पडलाय, समोरच्या उसाचं पातंही हलत नाही.

गाव कुठलंही घ्या. मीनेच्या काठचं नारायणगाव घ्या, कुकडीच्या अंगचं जुन्नर घ्या, नाहीतर घोड नदीच्या बाजूचं घोडेगाव. घर तुमचंच आहे.

फरशीवर एक पग पडला आहे.

पोट शहाबादी फरशीला टेकलेलं. मागचे पाय मागे पसरलेले. हनुवटी जमिनीवर. काळं तोंड, बदामी अंग, आणि पाठीवर गुंडाळलेली शेपटी, झोपेत जराशी सैल झालेली.

तुमच्या घरी पग नसेल, तर शेजाऱ्यांचा आठवा. तोही नसेल, तर हाच तुमचा समजा. त्याला एखादं नाव द्या. हाक मारू नका. नाव मनातच राहू द्या.

आता काही करायचं नाही.

फक्त ऐका.

घरात कुठले कुठले आवाज आहेत, ते आधी येऊ द्या. पंख्याची खरखर. आत फ्रीज चालू झाला. लांब रस्त्यावर ट्रॅक्टर.

असू द्या. कुठल्याही आवाजाला हाकलू नका.

या सगळ्यांच्या खाली अजून एक आवाज आहे. हळूहळू त्याच्यापाशी या.

घर्रर्र. मग जराशी शांतता. मग पुन्हा घर्रर्र.

हा त्याचा श्वास.

पाहुणे आले की आपण कौतुकाने सांगतो, ऐका, कसा घोरतोय बघा. पाहुणे हसतात. कुणीतरी मोबाईल काढून व्हिडिओ घेतं.

आज हसणं थोडं बाजूला ठेवू. कौतुकही ठेवू. नुसता आवाज राहू द्या.

हवा आत जाते. कुठेतरी अडते. वाट काढते. बाहेर येते.

पुन्हा ऐका.

ती नेमकी कुठे अडते?

थोडं वाका. त्याची झोप मोडणार नाही इतकंच.

नाकाकडे बघा. कुत्र्याचं नाक डोळ्यांच्या पुढे असतं. याचं डोळ्यांच्या मधोमध, जवळजवळ एकाच पातळीवर आहे. आता नाकपुड्या बघा. स्वल्पविरामाएवढी फट. प्रत्येक श्वासाला ती फट थोडी आत ओढली जाते, आणि मग सुटते.

बघत राहा. आत ओढली. सुटली.

वस्तीवरच्या गावठी कुत्र्याचं तोंड आठवा. लांब, ओलं, पुढे आलेलं नाक. त्या लांबीच्या आत पातळ हाडांच्या वळ्या असतात आणि त्यांच्यावर ओलं अस्तर. कुत्रा धापा टाकतो तेव्हा हवा त्या ओलाव्यावरून जाते, ओलावा उडतो आणि अंगातली उष्णता घेऊन जातो. घाम म्हणाल तर तो कुत्र्याला पंजांच्या तळव्यांनाच काय तो येतो. अंग गार ठेवायचं काम नाक, जीभ आणि श्वास यांनाच करावं लागतं.

पगच्या तोंडाचं हाड आखूड झालं. आतला मऊ भाग त्या मानाने आखूड झाला नाही. टाळूचा मागचा मऊ पडदा लांबच राहिला, जीभ जाडच राहिली. छोट्या जागेत सगळं कोंबून बसलं आहे. झोपेत तो पडदा श्वासाच्या वाटेवर येतो आणि थरथरतो.

तीच ही घरघर.

आता एक करून बघा. तुम्हाला सर्दी-दमा काही नसेल तरच.

तोंड मिटा. दोन बोटांनी नाकपुड्या हलक्या दाबा. पूर्ण बंद नकोत. एक बारीक फट राहू द्या.

श्वास घ्या.

सोडा.

पुन्हा घ्या. छातीला किती काम पडतं, ते कळू द्या. खांदे किंचित वर येतात, तेही कळू द्या.

आता बोटं काढा.

नाक मोकळं झालं. बरं वाटलं.

त्याला बोटं काढता येत नाहीत.

इथे जरा थांबू. काही ठरवायचं नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही. जे कळलं ते कळलेलं असू द्या.

श्वास घ्या. सोडा.

त्याचा चेहरा बघा.

कपाळावरच्या वळ्या. मोठे, पाणीदार, बाहेर आलेले डोळे. चपटं तोंड. आपल्याला या चेहऱ्यात लहान मूल दिसतं. म्हणून तर तो आपल्या घरात आहे.

हा चेहरा आधीपासून असा नव्हता. पगचे पूर्वज चीनच्या राजदरबारात मांडीवर वाढले. सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते युरोपात गेले. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1745 साली स्वतःचं एक चित्र काढलं आणि त्यात आपला पगही बसवला. चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्या पगचं तोंड नीट पुढे आलेलं दिसतं. पाय लांब आहेत. नाकाला जागा आहे.

ते नाक डोळ्यांपुढे आणा. आता शेजारी झोपलेल्याकडे बघा.

मधल्या काळात कोणी कुऱ्हाड चालवली नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं चपटं तोंड निवडत गेली. प्रत्येक पिढीत थोडं अधिक गोड, थोडं अधिक चपटं. नाक आत जात राहिलं.

आपल्याकडे हा चेहरा घरोघरी पोचला तो 2003 साली. हच कंपनीच्या जाहिरातीत एक लहान मुलगा चालतो आणि त्याच्या मागोमाग पग. तो जिथे जाईल तिथे हा. त्या कुत्रीचं नाव चीका. पुढे कंपनी व्होडाफोन झाली आणि गावात पगला व्होडाफोनवाला कुत्रा असंच नाव पडलं. पुण्यात पिल्लं मिळू लागली. मग ती चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या पुढे, घाटाच्या वरही आली.

जाहिरातीत तो मुलाच्या मागे चालत राहतो. धापा टाकताना दिसत नाही.

इथे, तुमच्या शेजारी, तो दिसतो.

बघा.

आता मोजू.

घाई नको. घड्याळ समोर ठेवा, किंवा मोबाईल, आवाज बंद करून.

त्याच्या बरगड्यांवर नजर ठेवा. छाती वर आली, खाली गेली: एक श्वास. वर आली, खाली गेली: दोन.

एक मिनिटभर फक्त एवढंच.

मन इकडे तिकडे जाईल. लाईटबिल भरायचं आहे. द्राक्षांच्या बागेत औषध मारायचं आहे. जाऊ द्या त्याला. गेलं की हळूच परत बरगड्यांवर आणा.

वर. खाली.

वर. खाली.

स्वस्थ झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असायला हवेत. वीस असतील, पंचवीस असतील, ठीक. रोज तीसच्या वर जात असतील, तर शरीर काहीतरी सांगतं आहे.

जी गोष्ट तुम्ही आत्ता केलीत, तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरातलं पोरसुद्धा करू शकतं. रोज झोपताना एकदा.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2022 साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. श्वासाची वाट अडण्याचा विकार इतर कुत्र्यांच्या मानाने पगमध्ये सुमारे 54 पट अधिक आढळला.

आकडा ऐका आणि सोडून द्या. तो लंडनचा आहे. हा श्वास तुमच्या घरातला आहे.

वर. खाली.

लाईट गेली.

पंखा हळू झाला, थांबला. घरात एकदम उकाडा भरतो.

त्याने डोळे उघडले. उठून दोन पावलं गेला, फरशीचा दुसरा तुकडा शोधला, परत पोट टेकलं. शरीराला कळतं, गार कुठे आहे.

आता तोंड उघडलं. जीभ बाहेर आली. रुंद, गुलाबी, टोकाशी वर वळलेली.

धाप ऐका.

गावठी कुत्रं धापा टाकतं आणि गार होतं. पगला धापा टाकायलाच एवढं बळ लागतं, की त्या कष्टाने अंग आणखी तापतं. तापलं की धाप वाढते. धाप वाढली की तापतं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 105 च्या पुढे गेलं की जिवाचा खेळ.

म्हणून हिरड्या बघायला शिका. आत्ताच बघा. हळूच वरचा ओठ उचला. गुलाबी, ओल्या. छान.

गडद लाल दिसल्या, फिक्या पडल्या, निळसर झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर एक क्षणही बसू नका. सावलीत न्या. साधं पाणी अंगावर ओता, पोटावर, काखेत, पायांवर. पुठ्ठ्याने, ताटाने, हाताला लागेल त्याने वारा घाला. शुद्धीत असेल तर पाणी पिऊ द्या, जबरदस्तीने पाजू नका. आधी गार करा, आणि गार करता करताच डॉक्टरकडे निघा. गाडीच्या काचा उघड्या.

बंद गाडीत त्याला कधीच ठेवू नका. पाच मिनिटांसाठीही नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा लिलाव बघायला उतरलात, तरी नाही.

हे सगळं मनात एकदा शांतपणे चालून बघा. सावली. पाणी. वारा. डॉक्टर.

पुन्हा एकदा. सावली. पाणी. वारा. डॉक्टर.

लाईट आली. पंखा फिरू लागला.

श्वास सोडा. तुमचाही अडकला होता.

आता हात.

उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवा. थोपटू नका. नुसता राहू द्या. केसांखालची ऊब तळव्याला लागू द्या.

मऊ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवा आणि घट्ट पिळा. नाकावरची ती मोठी वळी दोन बोटांनी अलगद उघडा. आत बघा. तांबूस, थोडी ओलसर. तिथे डोळ्यांचं पाणी मुरतं, धूळ बसते, बुरशी धरते, वास येतो.

एका बाजूने पुसा. हळू. फडक्याची घडी बदला. दुसऱ्या बाजूने पुसा. मग कोरड्या फडक्याने टिपा.

कोरडं करणं महत्त्वाचं. आषाढात, माळशेजकडून पाऊस उतरतो आणि आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा या वळ्याही वाळत नाहीत. तेव्हा रोज.

तो डोळे मिटून घेतो. सुरुवातीला तोंड फिरवत असेल. आता हनुवटी तुमच्या हातावर टेकवतो.

तिथेच राहा.

डोळे बघा. पगच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. डोळा बाहेर, उघड्यावर. उसाच्या पात्याची धार, गव्हाचं काड, अंगणातला काटा, काहीही लागू शकतं. डोळा बारीक करतो आहे, पाणी वाहतं आहे, पंजाने चोळतो आहे, निळसर-पांढुरका डाग दिसतो आहे: उद्या बघू म्हणू नका. एवढीशी जखम एक-दोन दिवसांत खोल जाते.

कानामागे बोट फिरवा. बोटांच्या बेचक्यांत फिरवा. शेजारी गोठा असेल तर गोचीड हमखास. बोटाला खडा लागला की थांबा, बघा.

आता हात छातीच्या बाजूला आणा. बोटं पसरा. जोर देऊ नका.

बरगड्या लागतात का?

एक, दोन, तीन, अशा बोटांखाली मोजता आल्या, तर छान. दाबून शोधाव्या लागत असतील, तर वजन वाढलं आहे. पग सहा ते आठ किलोंचा असावा. त्यावरची चरबी पोटावर दिसते तशी घशातही साठते. अरुंद वाट आणखी अरुंद होते.

वाढवतो कोण?

आजी चहातल्या खारीचा तुकडा टाकते. आजोबा भाकरी दुधात कुस्करून देतात. शाळेतून आलेलं पोर पार्लेचं बिस्कीट अर्धं अर्धं करतं. कुणाच्या घरी पेढे आले. प्रत्येकाने थोडंच दिलं. तो मात्र एकच आहे आणि तो कुणालाच नाही म्हणत नाही.

त्याचे डोळे मागतात. पोट मागत असतंच असं नाही.

या डोळ्यांकडे बघत नुसतं बसता येतं का, बघा. काही न देता. हात रिकामा ठेवून.

बसा.

तो थोडा वेळ बघेल. मग उसासा टाकेल. मग तुमच्या मांडीला टेकून झोपेल. त्याला तुम्हीही हवे होता.

आणि दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांच्या कानावर घाला. जुन्नरची द्राक्षं परदेशात जातात. जुन्नर-आंबेगावच्या चाळींत कांदा भरलेला असतो. या मातीची ही दोन्ही पिकं कुत्र्यासाठी विष आहेत. द्राक्ष आणि बेदाणा मूत्रपिंड बिघडवतात. कांदा, कच्चा असो वा भाजीतला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. बागेत काढणी चालू असते, मणी खाली पडलेले असतात, आणि त्याचं नाक जमिनीला असतं.

त्या दिवसांत त्याला बागेत नेऊ नका.

दुपार कलली. त्याने उठून आळस दिला. दाराशी गेला. वळून बघतो.

त्याला फिरायचं आहे.

दाराशी बसा. अजून उघडू नका. बाहेर बघा.

अंगण. अंगणापुढे बांध. बांधापुढे ऊस, डोक्याच्या वर गेलेला, आत नजर न शिरणारा. या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं, ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखाने आले. आणि उसात बिबट्या आला. त्याच्या पिढ्या आता उसातच जन्मतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

जुन्नरला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला: 39 टक्के.

तो दाराशी उभा आहे. शेपटी हलते आहे.

ऊस शांत आहे.

या दोन्हींकडे एकाच वेळी बघा. राग नको, भीती वाढवायला नको. बिबट्या त्याचं पोट भरतो. इथल्या डोंगरातल्या माणसांनी वाघोबाला शेंदूर लावला, त्याच्यासोबत राहायची रीत काढली. तो इथलाच आहे.

आणि हा दाराशी उभा असलेला, सात किलोंचा, धाप लागलेला जीवही आता इथलाच आहे.

दोघांच्या मध्ये तुम्ही बसला आहात.

मनात एक दिवस उलगडा.

पहाट. गार. पगला फिरायला अगदी योग्य. पण तेव्हा बिबट्या उसाकडे परतत असतो.

दुपार. बिबट्या सावलीत. पण तेव्हा डांबर तापलेलं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून बघा. पाच सेकंद ठेववत नाही. त्याचे तळवे तर त्याच्यावरच चालणार.

संध्याकाळ. पुन्हा गार. आणि पुन्हा बिबट्याची वेळ.

रात्र. नाहीच.

मग उरतं काय?

उन्हाळ्यात उरते एक अरुंद पट्टी. सूर्य नीट वर आला आहे, रस्त्याने दूध घालायला जाणारी माणसं दिसताहेत, डांबर अजून तापलेलं नाही. पंधरा-वीस मिनिटं. तेवढीच.

त्या पट्टीत त्याच्याबरोबर चालू.

त्याच्या गळ्याला पट्टा नको. रानातल्या मेंढवाड्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, बिबट्याने मान धरू नये म्हणून. त्याची मान वाचवायची असते. याचा घसा. छातीवरून जाणारा हार्नेस घाला. दोरी ओढली गेली तरी श्वासाच्या वाटेवर दाब येत नाही, डोळ्यांवर ताण येत नाही.

दोरी हातात घ्या. ताणू नका.

एक पाऊल. थांबला. वास घेतो आहे.

घेऊ द्या.

त्याच्या नाकाला जेवढं जमतं तेवढं जग तो त्या एका दगडापाशी वाचतो आहे. काल इथून कोण गेलं. शेळी. मांजर. दुसरा कुत्रा. तुम्हाला कुठे पोचायचं नाही.

दुसरं पाऊल. थांबला.

थांबा.

मध्येच तो एकदम ताठ उभा राहतो. मान पुढे, कोपरे बाहेर, आणि नाकातून हवा आत ओढल्याचे जोरात आवाज, एकामागोमाग. घाबरू नका. ही उलट दिशेची शिंक. पगला होते. घशावरून हळू हात फिरवा. मिनिटभरात थांबेल. सारखीच होऊ लागली तर डॉक्टरांना सांगा, जमलं तर व्हिडिओ दाखवा.

थांबली.

तो तुमच्याकडे बघतो, जणू काही झालंच नाही.

चला, घरी. ऊन चढायला लागलं.

दिवस गेला. आता दिवेलागण.

त्याला आत घ्या. अंगणात नको, ओसरीवरही नको. साखळीने बांधलेला कुत्रा पळू शकत नाही. पग तर मोकळा असला तरी फार पळू शकत नाही. घरात, दार लावून.

रात्री पाण्याची पाळी येते. घरातलं कुणीतरी बॅटरी घेऊन दारं धरायला निघतं. पग उठून मागोमाग जातो. जाहिरातीतल्यासारखाच. जिथे माणूस, तिथे तो.

त्याला थांबवा. खाली बसा, छातीला हात लावा, आणि आतच ठेवा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.

दार लागलं. कडी लागली.

आता शांत बसा.

या प्रदेशाला ऐकण्याची जुनी सवय आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले असं आपण मानतो, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातच आहे, आळ्याला. माणसं तिथे एका जनावरापुढे हात जोडून उभी राहतात.

आणि खोडदला मोठ्या दुर्बिणी आहेत. एकूण तीस तबकड्या, एकेक 45 मीटर रुंद, खोडदभोवती दूरवर पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात.

तुम्हाला एवढ्या लांबचं ऐकायचं नाही. हातभर अंतरावरचं ऐकायचं आहे.

त्याला वेद म्हणायला लावू नका. त्याच्या मनात काय आहे, त्याला काय वाटतं, हे आपण ठरवायला नको. श्वास कसा चालला आहे, एवढंच ऐका. त्याला जे सांगायचं असतं, त्यातलं बरंचसं तिथेच असतं.

आज श्वास जड आहे की हलका?

कालच्यापेक्षा आवाज वाढला आहे का?

झोपेतून दचकून उठतो का? उशीवर, चपलेवर डोकं उंच ठेवूनच झोपतो का? खेळणं तोंडात धरूनच झोपतो का? तोंड उघडं राहिलं तरच श्वास घेता येतो, म्हणून तो तसं करत असेल. आपल्याला ते गोड वाटतं.

या प्रश्नांची उत्तरं आत्ताच शोधू नका. प्रश्न सोबत ठेवा. उत्तरं तोच देईल, रोज थोडी थोडी.

श्वास घ्या.

सोडा.

आता मनात एक गोष्ट येऊ द्या. हळू.

तुम्ही त्याच्यावर प्रेम करता. त्याच्या चेहऱ्यावर प्रेम करता. आणि त्याच चेहऱ्याने त्याचा श्वास अडतो.

ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. एकाने दुसऱ्याला खोटं पाडायची गरज नाही.

ज्या नेदरलँड्समधून पग युरोपभर पसरला, तिथे आता नाकाची लांबी डोक्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास करायला मनाई आहे. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीसाठी 2017 चे केंद्राचे नियम आहेत: पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये. नाकाच्या लांबीबद्दल ते काही म्हणत नाहीत. ती लांबी आपण, घेणारे, ठरवतो.

जो तुमच्या शेजारी झोपला आहे, त्याला तुम्ही जन्माला घातलेलं नाही. त्याला नाकही तुम्ही दिलेलं नाही. तुमच्या हातात गार फरशी आहे, पुसायचं फडकं आहे, मोजून घातलेलं ताट आहे, सकाळची ती पंधरा-वीस मिनिटं आहेत, आणि रात्रीची कडी आहे.

एवढं केलंत, तर पग बारा-तेरा वर्षं साथ देऊ शकतो.

मग पुढच्या सोमवारी एक करा. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, किंवा नेहमीच्या डॉक्टरकडे, त्याला एकदा दाखवा. गुरांच्या रांगेत बसावं लागलं तरी बसा. तिथे एकच विचारा: याच्या नाकपुड्या पुरेशा उघड्या आहेत का? अरुंद असतील तर त्या रुंद करण्याची, लांब पडदा आखूड करण्याची शस्त्रक्रिया होते. ती लहान वयात झाली तर अधिक उपयोगी पडते. डॉक्टर पुण्याला जा म्हणाले, तर जा.

आणि पुढच्या वेळी कुणी पगचं पिल्लू घ्यायला निघालं, तर त्याला आधी तुमच्या घरी बोलवा. चहा द्या. खाली, फरशीवर बसवा. एक मिनिट घड्याळ लावून त्याला हा श्वास ऐकू द्या. मग सांगा, की आपल्या वस्तीवर लांब नाकाची, उन्हापावसाला टिकणारी गावठी पिल्लं घराच्या शोधात फिरताहेत, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.